शर्यत ट्रॅकवर, सत्ता नियमपुस्तकात

कोल्हापूर : कुस्ती आणि फुटबॉलचे हे शहर मोटार शर्यतींच्या नकाशावर आले ते कार्टिंगमुळे. येथील मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या, देशभरातील लहान-थोर चालक येथे येऊन गेले. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक कार्टिंगच्या पुढची पायरी चढून २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेत उतरला. शर्यत पाहायला जाणाऱ्याला दिसतो तो वेग, कानठळ्या बसविणारा आवाज आणि शेवटी पडणारा चौकटीचा झेंडा. ज्या कागदांच्या आधारे ही शर्यत 'शर्यत' ठरते, ते मात्र त्याच्या नजरेस पडत नाहीत. आपल्या मुलाला या खेळात उतरविणारे पालकही परवान्याच्या अर्जावर सही करताना त्याखालची अटींची यादी क्वचितच वाचतात. ती वाचण्यासारखी असते. त्या सहीने चालक आणि त्याचा पालक एका संघटनेची सत्ता स्वतःवर मान्य करीत असतो.

या सत्तेचे स्वरूप तसे चमत्कारिक आहे. ती संसदेने दिलेली नाही, न्यायालयाने बहाल केलेली नाही. तरीही तिच्या एका निर्णयाने चालकाची वर्षभराची मेहनत पुसली जाऊ शकते, दहा कोटी डॉलरचा दंड होऊ शकतो (फॉर्म्युला वनमधील मॅक्लारेन संघाला तो २००७ मध्ये झाला) किंवा एखाद्या संपूर्ण शर्यतीचा निकालच हिशेबातून वगळला जाऊ शकतो.

एक देश, एक संघटना

जागतिक स्तरावर चारचाकी शर्यतींचे नियमन 'एफआयए' ही संघटना करते. युरोपातील मोटार क्लबांनी १९०४ मध्ये पॅरिस येथे तिची मुहूर्तमेढ रोवली. दुचाकींसाठीच्या 'एफआयएम' या संघटनेचे मूळही त्याच वर्षातले. एफआयएचा मूलभूत ग्रंथ म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रीडा संहिता. एका देशात एकाच राष्ट्रीय संघटनेला क्रीडाविषयक अधिकार द्यायचे, हे या संहितेचे सूत्र आहे. भारतात हे अधिकार 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया' अर्थात एफएमएससीआय या चेन्नईस्थित संघटनेकडे आहेत. कार्टिंग, रॅली, सर्किट शर्यती आणि दुचाकींच्या स्पर्धा हे सारे तिच्या कक्षेत येते.

कोल्हापूरकरांना ही रचना समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे नोंदणी नसेल, तर पेठेतला कितीही गुणी फुटबॉलपटू शाहू स्टेडियमवरील लीग सामन्यात पाऊल ठेवू शकत नाही. शिखर संघटनेची मान्यता दुभंगली की काय होते, याचा अनुभवही महाराष्ट्राने घेतला आहे. भारतीय कुस्ती महासंघाने २०२२ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली आणि त्यातून उभ्या राहिलेल्या वादात नोव्हेंबर २०२३ मध्ये 'महाराष्ट्र केसरी'च्या दोन स्पर्धा झाल्या. पुण्याजवळ फुलगावात सिकंदर शेख आणि धाराशिव येथे शिवराज राक्षे असे दोन 'केसरी' एकाच महिन्यात महाराष्ट्राने पाहिले. गदा कोणाची खरी, हा प्रश्न तालमींच्या कट्ट्यांवर अजून निघतो. मोटार शर्यतींतही देशात असा काळ येऊन गेला. या शतकाच्या पहिल्या दशकात मोटरस्पोर्ट्स असोसिएशन ऑफ इंडिया आणि एफएमएससीआय यांच्यात आंतरराष्ट्रीय मान्यतेवरून वाद रंगला होता. अशा वादात संघटकांचे फारसे बिघडत नाही. ज्याच्या हातातील परवाना उद्या चालेल की नाही याची खात्री उरत नाही, त्या चालकाचे मात्र हाल होतात.

मान्यतेचे हे हत्यार किती धारदार असते, याचे जुने उदाहरण १९८० च्या स्पॅनिश ग्रां प्रीचे आहे. चालकांच्या सक्तीच्या बैठकांना दांडी मारणाऱ्यांना तेव्हाच्या नियामक संस्थेने, 'फिसा'ने, दंड केला होता. काही संघांच्या चालकांनी तो भरण्यास नकार दिला. प्रकरण इतके चिघळले, की नियामकांचा विरोध डावलून जारामाच्या ट्रॅकवर शर्यत झाली. फेरारी, रेनॉ आणि अल्फा रोमिओ हे संघ त्यातून बाहेर राहिले. अ‍ॅलन जोन्सने शर्यत जिंकली, चषकही उंचावला. पण जागतिक विजेतेपदाच्या तक्त्यात त्या दिवसाचा एकही गुण नाही. हा संघर्ष १९८१ मधील 'काँकोर्ड करारा'ने निवळला. पॅरिसच्या ज्या चौकात संघटनेचे कार्यालय आहे, त्याचेच नाव कराराला मिळाले. नियम संघटनेने करायचे आणि पैशाच्या वाटपात संघांना वाटा द्यायचा, अशी ती तडजोड होती.

अमान्य स्पर्धेत भाग घेतल्यास परवाना निलंबित होऊ शकतो, ही तरतूद आंतरराष्ट्रीय संहितेत आजही आहे. गावोगावच्या यात्रा-महोत्सवांत होणाऱ्या 'डर्ट ट्रॅक' शर्यतींत उत्साहाने उतरणाऱ्या परवानाधारक तरुणांनी हे ध्यानी घेतलेले बरे.

नावावरही सत्ता चालते. कृष्णराज महाडिक ज्या मालिकेत उतरला होता, ती 'ब्रिटिश फॉर्म्युला थ्री' मालिका आज त्या नावाने अस्तित्वात नाही. 'फॉर्म्युला थ्री' हे नाव कोणी वापरावे यावर एफआयएने बंधने आणल्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये तिचे नामकरण 'जीबी थ्री' असे झाले. ट्रॅक तेच, संघ बहुतेक तेच, पाटी मात्र बदलावी लागली.

रस्ता सरकारचा

संघटनेचा परवाना हा एक भाग झाला. दुसरा अधिकार शासनाचा आहे आणि तो वेगळाच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी मोटार वाहनांची शर्यत लावणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. पूर्वी यासाठी एक महिन्यापर्यंतची कैद किंवा ५०० रुपयांपर्यंतचा दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने कैद तीन महिन्यांपर्यंत आणि दंड ५ हजार रुपयांपर्यंत वाढला. गुन्हा पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंतची कैद किंवा १० हजारांपर्यंतचा दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. रात्री मोकळ्या रस्त्यावर सायलेन्सर काढून पैजा लावणाऱ्यांना हेच कलम लागते. कायद्यातील 'सार्वजनिक जागा' म्हणजे जेथे जाण्याचा जनतेला हक्क आहे अशी जागा. कुंपणाआडचा कार्टिंग ट्रॅक आणि शहरातला रिंगरोड यांतील कायदेशीर भेद येथे आहे.

म्हणजेच संघटनेची मान्यता आणि सरकारची संमती या दोन्ही लागतात. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही. हैदराबादने हे अलीकडेच दाखवून दिले. हुसेन सागरच्या काठावरील रस्त्यांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई ही विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. पुढच्या वर्षीची शर्यतही जाहीर झाली होती. पण तेलंगणात सत्तांतर झाले, नव्या सरकारने करार पुढे नेला नाही आणि जानेवारी २०२४ मध्ये शर्यत रद्द झाली. एफआयएची जागतिक स्पर्धा असूनही रस्ता मिळाला नाही.

चेन्नईत याच्या उलट बाजूचे नाट्य घडले. आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या सुमारे साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर रात्रीची शर्यत घेण्यास तमिळनाडू सरकार उत्सुक होते, पण विरोधाचे अर्ज मद्रास उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने शर्यतीला हरकत घेतली नाही. मात्र ३१ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी १२ पर्यंत एफआयएचे ट्रॅक सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मिळवा, अन्यथा शर्यत नाही, अशी अट घातली. पावसाने कामे रखडली, तपासणी लांबली. न्यायालयाने मुदत रात्री ८ पर्यंत वाढविली, प्रमाणपत्र आले आणि त्यानंतरच मोटारी धावल्या. पॅरिसमधील एका खासगी संघटनेच्या कागदावर भारतीय उच्च न्यायालयाने सार्वजनिक सुरक्षेची भिस्त ठेवली, ही बाब लक्षणीय आहे. ट्रॅकच्या अडथळ्यांची उंची, वळणाबाहेरची मोकळी जागा, आपत्कालीन मार्ग यांचे ज्ञान सरकारी यंत्रणेकडे नाही. ते संघटनेकडे आहे. तिच्या सत्तेचा खरा पाया हाच म्हणावा लागेल.

हा पाया कच्चा राहिला तर काय होते, ते राजस्थानात दिसले. बाडमेर जिल्ह्यात २१ सप्टेंबर २०१९ रोजी राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या मार्गावर एक दुचाकी आली आणि स्पर्धेतील मोटारीच्या धडकेत एकाच कुटुंबातील तिघांचा बळी गेला. रॅली थांबविण्यात आली, पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला. मार्ग बंद असल्याचे कागदोपत्री पुरेसे असते. शेतातून येणाऱ्या पायवाटेवर मात्र दोरी आणि माणूस दोन्ही उभे असावे लागतात.

अठरा मिलिमीटर आणि सहा मोटारी

ट्रॅकवर नियम कसा चालतो, ते कार्टिंगमध्ये सर्वांत स्वच्छ दिसते. रोटॅक्स मॅक्स प्रकारात इंजिनाला अधिकृत केंद्राचे सील असते. ते तुटलेले आढळले तर चर्चेला वाव नाही. शर्यत संपताच कार्ट चालकासह वजनकाट्यावर जाते. ठरलेल्या किमान वजनाहून ते कमी भरले तर जिंकलेला चालकही बाद होतो. अंगाने किरकोळ असलेल्या मुलांच्या कार्टला म्हणूनच शिशाचे वजन बोल्टने आवळलेले असते. निकालावर हरकत घ्यायची असेल, तर हंगामी निकाल लागल्यापासून ३० मिनिटांच्या आत, लेखी आणि शुल्कासह ती स्टुअर्डांकडे द्यावी लागते. स्टुअर्डांच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा मनोदय एका तासात कळवावा लागतो. मुलाच्या बाजूने पालक तावातावाने भांडत बसतात आणि तेवढ्यात घड्याळ निघून जाते.

हा काटेकोरपणा पाहून अनेकांना नियामक संस्था निर्दय वाटते. जेम्स हंटने १९७६ ची स्पॅनिश ग्रां प्री जिंकली, तेव्हा त्याची मॅक्लारेन नियमापेक्षा १.८ सेंटिमीटर अधिक रुंद भरली आणि तो बाद ठरला. अपिलात तो विजय परत मिळाला. पुढे ब्रिटिश ग्रां प्रीचा विजय मात्र फेरारीच्या अपिलामुळे गेला. त्या वर्षीचे जागतिक विजेतेपद त्याने निकी लाउडावर अवघ्या एका गुणाने मिळविले. १८ मिलिमीटरचे मोल अशा वेळी कळते.

भारतीय वाचकांच्या अधिक जवळचे उदाहरण १९ जून २००५ चे आहे. इंडियानापोलिस येथील अमेरिकन ग्रां प्रीच्या सरावात राल्फ शूमाकरची मोटार तेराव्या, उतरत्या कडेच्या वळणावर आदळली. त्या वळणावर आपले टायर पूर्ण शर्यत टिकण्याची हमी देता येत नाही, असे मिशलिन कंपनीने सांगितले. त्या वर्षीच्या नियमानुसार पात्रता फेरी आणि शर्यत एकाच टायरसंचावर पूर्ण करायची होती. मिशलिन वापरणाऱ्या सात संघांनी वळणाआधी वेग मोडणारा अडथळा, 'शिकेन', टाकण्याची मागणी केली. एफआयएने ती फेटाळली. वेग कमी ठेवा, प्रत्येक फेरीत पिट लेनमधून जा किंवा टायर बदलून त्याचे परिणाम सोसा, असे पर्याय तिने पुढे केले. ऐनवेळी ट्रॅक बदलणे हे योग्य टायर घेऊन आलेल्यांवर अन्याय ठरेल आणि न तपासलेला ट्रॅक धोक्याचा ठरेल, हा तिचा युक्तिवाद होता. अखेर संचलन फेरी संपताच १४ मोटारी पिट लेनमध्ये शिरल्या. उरलेल्या सहाच मोटारींत शर्यत झाली. मायकेल शूमाकर जिंकला आणि जॉर्डन संघाकडून धावणारा नारायण कार्तिकेयन चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाने मिळविलेले पहिले पाच गुण ते हेच.

प्रेक्षकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. मिशलिनने तिकिटांचे पैसे परत केले आणि पुढील वर्षीच्या शर्यतीची २० हजार तिकिटे विकत घेऊन वाटली. संघांवर आधी ठपका ठेवून एफआयएने महिन्याभरात तो मागेही घेतला. नियम म्हणून एफआयए चूक नव्हती. तिकीट काढून आलेल्या लाखभर लोकांचा विचार करता ती बरोबर होती, असेही म्हणवत नाही. कार्तिकेयनच्या गुणांना 'फुकटचे' म्हणून हिणविणारे मात्र एक विसरतात, की त्या दिवशी नियमात बसणारी मोटार घेऊन शर्यत पूर्ण करणारे सहाच जण होते.

नियम मोडला जातो, तेव्हा तो नेहमी स्पर्धकच मोडतो असे नाही. अबुधाबीत १२ डिसेंबर २०२१ रोजी हंगामाच्या शेवटच्या शर्यतीच्या शेवटच्या फेऱ्यांत शर्यत संचालक मायकेल मासी यांनी सेफ्टी कार मागे घेताना फक्त पाच मोटारींना पुढे जाऊ दिले आणि लुईस हॅमिल्टनच्या मागे मॅक्स वेर्स्टॅपेन मोकळा झाला. विजेतेपद फिरले. मर्सिडीजच्या हरकती फेटाळल्या गेल्या. मासी यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये पदावरून हटविण्यात आले. 'सद्भावनेने झालेली मानवी चूक' असा एफआयएचा अहवाल मार्चमध्ये आला आणि निकाल कायम राहिला. पंच चुकला तरी निकाल बदलत नाही, हा खेळांतील सर्वांत कडू नियम आहे. मातीवरच्या कुस्तीत वाढलेल्या कोल्हापूरला तो नवा नाही.

सत्तेलाही कुंपण

मग या संघटनांवर वचक कोणाचा? याचे एक उत्तर पॅरिसच्या न्यायालयाने ५ जानेवारी २०१० रोजी दिले. २००८ च्या सिंगापूर ग्रां प्रीत रेनॉ संघाने नेल्सन पिके ज्युनिअरला मुद्दाम अपघात करायला लावल्याचे उघड झाल्यावर एफआयएने संघप्रमुख फ्लाव्हियो ब्रियातोरे यांना आजन्म हद्दपार केले. कृत्य निंद्य होते यात वाद नाही. पण ब्रियातोरे यांच्याकडे एफआयएचा परवानाच नव्हता, अशा शिक्षेचा आधार नियमांत नव्हता आणि सुनावणीच्या निःपक्षपातीपणाबद्दलही शंका होती. न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरविली. ज्याने परवान्यावर सही केली नाही, त्याच्यावर संघटनेची सत्ता चालत नाही, हे यातून ठसले. यानंतर एफआयएने शिक्षेसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण उभारले.

दुसरे उत्तर ग्रीसमधून आले आणि भारतासाठी ते अधिक मोलाचे आहे. तेथे दुचाकी शर्यतीला सरकारी परवानगी मिळण्यासाठी 'एल्पा' या संस्थेची संमती लागे. ही संस्था स्वतःही शर्यती भरवून त्यातून उत्पन्न मिळवीत असे. 'मोटोए' या दुसऱ्या संघटनेला २००० मध्ये परवानगी मिळाली नाही आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. १ जुलै २००८ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की जी संस्था स्वतः स्पर्धा भरविते तिच्याच हाती इतरांच्या स्पर्धांची दोरी कोणत्याही मर्यादेविना आणि फेरविचाराविना देता येणार नाही. युरोपीय आयोगाने याच मुद्द्यावर एफआयएलाही घेरले होते. त्यानंतर २००१ मध्ये नियमन आणि व्यापार वेगळे करण्यात आले आणि फॉर्म्युला वनचे व्यापारी हक्क १०० वर्षांसाठी वेगळ्या कंपनीकडे गेले.

त्या व्यापारी हक्कांचा फटका भारतात करखात्याच्या रूपाने परत आला. ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या. हक्क असलेली ब्रिटिश कंपनी भारतात कर देणे लागते का, यावर सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल २०१७ रोजी 'होय' असे उत्तर दिले. शर्यतीच्या काळात सर्किटवर खरे नियंत्रण त्या कंपनीचेच होते, ट्रॅकच्या मालकाचे नव्हे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. सत्ता कोणाची, हे शेवटी करनिर्धारणाच्या निमित्ताने ठरावे, हा आपल्याकडचा योग.

भारतीय मोटार शर्यतींत ट्रॅक बाळगणारे आणि स्पर्धा भरविणारे क्लब हेच राष्ट्रीय संघटनेचे सभासद आहेत. त्यांच्याच मतांवर पदाधिकारी निवडले जातात. खेळ लहान आणि खर्चिक असल्याने यात काही प्रमाणात नाइलाज आहे. तरी 'मोटोए' निकालाने विचारलेला प्रश्न येथेही विचारता येतो. चालकाला क्लबशी किंवा प्रवर्तकाशी भांडायचे झाले तर दाद कोणाकडे मागायची? संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा मंडळ आणि क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. ऑलिंपिकच्या परिघाबाहेरील या खेळातील तंटे तेथपर्यंत कसे पोहोचतात, हे पुढे दिसेल.

सही कोणाची?

कोल्हापुरातील घरांशी थेट संबंध असलेला मुद्दा वयाचा आहे. कार्टिंगची सुरुवात प्राथमिक शाळेच्या वयातच होते. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर ५ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय दुचाकी स्पर्धेत बंगळूरचा १३ वर्षांचा मुलगा अपघातात दगावला. शर्यत मान्यताप्राप्त होती, परवाना होता, डॉक्टर होते. त्याच वर्षी जानेवारीत त्याच ट्रॅकवर ५९ वर्षांच्या अनुभवी मोटारचालकाचाही मृत्यू झाला होता. युरोपात २०२१ च्या एकाच हंगामात तीन किशोरवयीन दुचाकीस्वार गेल्यानंतर एफआयएमने किमान वयाच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढविल्या. जागतिक विजेतेपदाच्या शर्यतींसाठी २०२३ पासून, काही अपवाद वगळता, ती १८ वर्षे झाली.

नियामकाच्या सत्तेचा हा वापर सर्वांत कठीण असतो. वयोमर्यादा वाढवा म्हटले, की प्रायोजक कुरकुरतात आणि पालकही रागावतात. 'तिकडची मुले आठव्या वर्षी सुरू करतात' हे वाक्य प्रत्येक ट्रॅकवर ऐकू येते. तिकडच्या मुलांच्या वाट्याला येणारे प्रशिक्षित मार्शल, हवाई रुग्णवाहिका आणि वळणाबाहेरची रुंद खडीची पट्टी यांचा उल्लेख त्या वाक्यात नसतो. अज्ञान मुलाच्या परवाना अर्जावर सही पालकाची असते. ती करण्यापूर्वी ट्रॅकला मान्यता आहे का, विम्याची रक्कम किती, त्यात उपचारांचा खर्च धरला आहे का आणि सर्वांत जवळचे सुसज्ज रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे आयोजकांना विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. उत्तर लेखी मागितले तरी वावगे नाही.